भंडाऱ्याचा तुकडा

पाण्याच्या दिवशी जोतिरामच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नसे. नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही दोन-अडीच तास. तेवढ्यात टाकी, दोन पिंपं, हंडे, कळशा आणि शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून घ्यायचं. सोलापुरात सैफुलला राहायला आल्यापासून त्याची बायको रेश्मा तिथी-वार विसरली होती, पाण्याचा दिवस मात्र विसरली नव्हती. त्यामुळे त्या रविवारी सकाळी मायाक्का न सांगता-सवरता दारात उभी राहिली, तेव्हा रेश्माच्या एका हातात पाइप होता, दुसऱ्या हातात पिंपाचं झाकण आणि दातांत केसाची पिन.

"या की आत्ती," ती पिन दातांत धरूनच म्हणाली. "फोन करायचा की. ह्यांना स्टँडवर पाठवलं असतं."

"फोनवर बोललेलं तुमच्या घरात पोचतंय कुटं?" मायाक्का चपला काढत म्हणाली.

मायाक्का म्हणजे रेश्माच्या सासऱ्यांची, तात्याबांची थोरली बहीण. सत्तरी ओलांडली तरी सांगोल्याकडच्या वाडीवर घरचा कळप अजून तिच्याच हाताखाली होता. 'तात्याबाचा कळप' हा चॅनल चार लाख लोक बघत, पण त्यातला कळप तात्याबांचा नव्हता, मायाक्काचा होता. तात्याबा महिन्यातले दहा दिवस तिथं जात, मागोमाग जोतिराम मोबाईल घेऊन जाई, आणि उरलेले वीस दिवस बापलेक शहरात बसून त्याचंच दळण दळत. मायाक्का एकाही व्हिडिओत नव्हती. मोबाईल समोर धरला की ती पाठ फिरवायची. शहरात ती यायची लग्नाला किंवा मयताला, आणि आज दोन्हीपैकी काही नव्हतं.

तिनं पाणी नको म्हटलं, चहा नको म्हटला. पिशवीतून निळ्या झाकणाची एक बाटली काढून तिनं ओट्यावर ठेवली. बाटली निम्मी रिकामी होती.

"हे तुमच्या मोबाईलमदलंच न्हवं?"

रेश्मानं बाटली लांबूनच ओळखली. 'मेषबल', मेंढ्यांचं टॉनिक. मे महिन्यात त्या कंपनीनं चॅनलवर पहिली जाहिरात दिली होती, आणि आज दुपारी तिच्याशी वर्षभराचा करार ठरायचा होता.

"चंद्रव्वानं दिली," मायाक्का म्हणाली. "माज्या नंदंची सून, पल्याडच्या वाडीवरली. तिची अठरा कोकरं गेली की गं. आंत्रविषारानं. पैला पाऊस झाला, कवळं गवत खाल्लं आनी दोन दिसांत रांगंनं पडली."

पिंप भरून वाहायला लागलं होतं. पाण्याचा थेंबही वाया जाऊ न देणारी रेश्मा तशीच उभी राहिली, कारण चंद्रव्वा हे नाव तिनं आधी वाचलं होतं.

चॅनलवरच्या कमेंटी रेश्माच बघायची. 'छान माहिती तात्या' असली की हात जोडायचे, शिवी असली की काढून टाकायची. तीन आठवड्यांपूर्वी मेषबलच्या व्हिडिओखाली एक लांबलचक कमेंट आली होती. मोबाईलसमोर बोलून टाइप केलेली. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. तिच्यात शिवी एकही नव्हती. रेश्मानं ती दोनदा वाचली आणि काढून टाकली. काढायच्या आधी तिचा फोटो मात्र घेऊन ठेवला, का ते तिचं तिला सांगता आलं नसतं. नवऱ्याला सांगितलं नाही आणि सासऱ्यांना तर नाहीच. सांगितलं असतं तर घरात भांडण झालं असतं, आणि भांडण्याइतकं त्राण त्या आठवड्यात तिच्या अंगात नव्हतं. दुसरं मोठं कारण काही नव्हतं, हे तिला सगळ्यात जास्त लागत होतं.

"पाइप बगा की वैनी," मायाक्का म्हणाली. रागात असली की ती भाचसुनेला वैनी म्हणायची.

*

साडेदहाला करमाळ्याच्या गाडीनं प्रियदर्शनी आली, तेव्हा जोतिरामच्या लक्षात आलं की आपल्याविरुद्ध कट झालेला आहे.

धाकटी बहीण त्याच्या घरी मे महिन्यापासून आली नव्हती. ती करमाळा तालुक्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पर्यवेक्षक होती. गावोगाव फिरून लसी टोचायच्या, हे तिचं काम. आईचं वर्षश्राद्ध कुठं करायचं, वाडीवर की सोलापुरात, यावरून दोघांचं वाजलं होतं, आणि सोनाबाईच्या लेकरांनी आईच्याच नावानं बोलणं टाकलं होतं. आता मायाक्कानं बोलावणं धाडलं म्हणून ती आली, भावाला ओलांडून आत गेली आणि बापाच्या पायाशी बसली.

तात्याबा खुर्चीत बाटली हातात घेऊन ती उलटसुलट करत होते. वाचता येत नसल्यामुळे सगळ्या बाजू त्यांना सारख्याच होत्या.

"मेष म्हंजी काय रं, जोत्या?"

"मेंढा."

"मंग मेंढा म्हणायचं की." त्यांनी बाटली खाली ठेवली. "लाव तो व्हिडू. ह्या बाटलीचा. मला बगायचाय."

जोतिराम चपापला. सहा वर्षांत तात्यांनी स्वतःचा एकही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. आपलंच थोबाड काय बघायचं, म्हणायचे. "आता? पाणी जाईल, टाकी अजून—"

"टाकी भरती. लाव."

त्यानं टीव्हीवर लावला. लिंबाखाली तात्याबा उभे, डोक्याला लाल पटका, हातात निळ्या झाकणाची बाटली, मागं मेंढरं. "जनावर दमलं, भागलं की त्याला काय तरी गोड पाजावं," पडद्यावरचे तात्याबा म्हणत होते. "तरतरी येती." हे ते गुळाच्या पाण्याबद्दलही म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मग ढोल वाजला, बाटली मोठी झाली, आणि जोतिरामचा आवाज आला. लग्नातल्या लाऊडस्पीकरवर असतो तसला आवाज: "मेषबल पाजा, निर्धास्त राहा! मेषबल असेल तर मेंढराला दुसऱ्या कशाचीच गरज नाही!" खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं आली आणि गेली. लगेच तात्याबा परत आले, कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा कपाळाला लावला आणि सरळ समोर बघत म्हणाले, "बिरोबाचा भंडारा कपाळी. तात्याबा खोटं बोलायचा न्हाय."

प्रत्येक व्हिडिओ याच वाक्यावर संपत असे. त्याच वाक्यावर चार लाख लोक जमले होते.

"थांब," मायाक्का म्हणाली. "मागं घे."

त्यानं मागं घेतलं.

"तात्या, तुजा पटका कसा रं बदलला? बाटली धरली तवा तांबडा. भंडारा लावला तवा पांढरा."

चार लाख लोकांनी जे पाहिलं नव्हतं, ते अडीचशे मेंढरांतून आपलं मेंढरू ओळखणाऱ्या बाईनं एका नजरेत पाहिलं.

"तो शेवटचा तुकडा आहे, आत्ती," जोतिराम म्हणाला. बोलताना त्याला काही वावगं वाटत नव्हतं. धंद्यातली गोष्ट समजावून सांगावी तसं तो सांगत होता. "दीड वर्षापूर्वी काढलेला. त्या दिवशी उजेड चांगला होता. तोच सगळ्या व्हिडिओंना जोडतो. आउट्रो म्हणतात त्याला."

"समद्यास्नी त्योच?" तात्याबांनी विचारलं.

"वाक्य तेच, भंडारा तोच. दर वेळी नवीन कशाला काढायचा?"

"पर मी दर वेळंस लावतो की. तुज्याम्होरं लावतो."

जोतिरामनं मान खाली घातली. "लावता. पण तोपर्यंत मी मोबाईल बंद केलेला असतो, तात्या."

तात्याबा बराच वेळ टीव्हीकडं बघत राहिले. पडद्यावर ते स्वतः, पांढऱ्या पटक्यात, बोट कपाळाला टेकवून थांबलेले होते.

"बाटलीच्या दिवशी मी लावला न्हवता," ते म्हणाले. "पिशवीच सोडली न्हाय कमरंची. म्हणलं, हे काय आपलं न्हवं, ही जाहिरात हाय. ह्याला भंडारा कशाला."

"मला कसं कळणार? मी तर—"

"व्हय. तू बंद केला हुतास."

*

त्यानंतर तास-दीड तास जे चाललं, त्यात प्रियदर्शनी सगळ्यात जास्त बोलली आणि सगळ्यात कमी जिंकली.

"जाहिरात आहे हे लिहिलंय की खाली," जोतिराम म्हणाला. "'सशुल्क जाहिरात'. नियमात बसतं."

"किती वेळ दिसतं?"

"तीन सेकंद. चालतं तेवढं."

"दादा, आपले व्हिडिओ बघतात कोण? निम्म्या बायकांना वाचता येत नाही. तात्यांना येत नाही. खरं ते बारीक लिहायचं आणि खोटं ते मोठ्यांदा बोलायचं, आणि नियमात बसतं म्हणायचं?"

"खोटं मी लिहिलं नाही. कंपनीनं लिहून दिलं, मी वाचलं. सगळेच वाचतात. गावठी कोंबड्यांचा चॅनल आहे ना, तो महिन्याला तीन औषधं—"

"तो कपाळाला भंडारा लावून सांगत नाही."

मग जोतिरामनं ते काढलं, जे काढणार हे प्रियदर्शनीला बस करमाळ्याहून निघाल्यापासून ठाऊक होतं.

"आपल्या मेंढरांना आंत्रविषाराची लस कुणी टोचली मेमध्ये? तूच ना? त्याच आठवड्यात हा व्हिडिओ आला. तूही बघितलास. तुला तर सगळं कळतं. मग का बोलली नाहीस?"

तिनं पाहिला होता. दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली शेंगाचटणी भाकरीला लावत. 'दुसऱ्या कशाचीच गरज नाही' हे ऐकलं आणि मोबाईल पालथा ठेवला. एक फोन करायचा होता. पण आपण आधी फोन करायचा नाही असं ठरलं होतं. म्हणजे तिनंच ठरवलं होतं. भाऊ चुकतोय याचा तिला त्या दुपारी राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. लस टोचून टोचून तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. त्या घट्ट्यावरून ती आता नख फिरवत राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून बोलले नाही."

हे उत्तर जोतिरामच्या हिशेबात नव्हतं. भांडायला आलेल्या माणसानं अर्धी बाजी सोडून दिली की पुढं काय करावं ते कळत नाही.

"झालं?" मायाक्का म्हणाली. "आता माजं ऐका. तात्या, उद्या चल माज्यासंगं. चंद्रव्वाच्या दारात जाऊ. पाच मानसं बसवू. भंडारा म्होरं ठिवून सांग, चुकलं म्हनून. ती बाय काय मागाय आली न्हाय. बाटली दिली आनी म्हनली, तात्यास्नी इचारा फकस्त. मिटतंय. ह्या डबड्यावर मातुर एक अक्षर बोलायचं न्हाय. आपलेच दात, आपलेच ओठ. जगाला कशाला दावायचं?"

"आत्ती बरोबर बोलतीय," जोतिराम घाईनं म्हणाला. मायाक्का आपल्या बाजूला येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "मी गाडी करतो. उद्या सकाळीच जाऊ."

"आत्ती," प्रियदर्शनी म्हणाली, "चंद्रव्वाला तुझं घर माहीत होतं. बाकीच्यांनी कुणाच्या दारात जायचं? तिकडं बीडकडं, जतकडं, कुठंकुठं बघतात हे. अजून लस टोचायची राहिलेली असेल कुणाची."

"बैल गेला आनी झोपा केला, पिरे."

"सगळ्यांचे नाही गेले अजून."

आत रेश्मा भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज मधूनच थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. तात्याबा मघापासून कमरेची पिशवी चाचपत होते. सोनाबाईनं घोंगडीच्या तुकड्याची शिवलेली, दोरी दोनदा बदललेली.

बाराला फोन आला. कंपनीचा पृथ्वीराज; कधी न पाहिलेला, आवाजानं तरणा, फार अदबीचा. "स्पीकरवर टाक," तात्याबा म्हणाले.

"नमस्कार काका! खूप छान रिस्पॉन्स आहे बरं का आपल्या व्हिडिओला. आम्ही चेक केलं, लोक शेवटपर्यंत बघतात ते फक्त तुमच्या क्लोजिंगमुळे. सो नव्या करारात आम्ही ते कम्पलसरी ठेवलंय. एकच छोटा बदल. बाटली आणि हळद एकाच फ्रेममध्ये पाहिजे."

"काय पायजे?"

"हळद, काका. ती तुम्ही लावता ना कपाळाला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं हळद. म्हणजे लोकांचा ट्रस्ट डायरेक्ट प्रॉडक्टवर येतो."

तात्याबांनी मोबाईलकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी आपल्याला दुसऱ्याच माणसाच्या नावानं हाक मारत असावं, तसे ते बघत होते.

"हळद नवरदेवाला लावत्यात, बाळा," ते म्हणाले, आणि उठून जिन्याकडं गेले.

*

गच्चीवर टाकी भरून वाहत होती. तात्याबांनी कॉक बंद केला आणि टाकीच्या सावलीत बसले. समोर दूरपर्यंत टाक्याच टाक्या, काळ्या, पांढऱ्या. वर आभाळ भरलेलं आणि कोरडं.

ते दमले होते. हे दमणं आजचं नव्हतं. सोनाबाई गेल्यापासून कुणी काही विचारलं की व्हय म्हणायचं, एवढंच त्यांना जमत होतं. जोतिरामनं बाटली धरा म्हटलं, धरली. भंडारा लावला नाही, एवढीच अक्कल शिल्लक होती, आणि तीही वाया गेली.

त्यांना वडील आठवले. एकदा दोन एडक्यांवरून भावकीत तंटा झाला. एडके आपलेच, हे वडिलांना शंभरातले नव्याण्णव आणे ठाऊक होतं—वडिलांचा हिशेब तसाच असायचा. पंच म्हणाले, भंडारा उचल आणि घेऊन जा. वडिलांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. एक आणा शंका हाय, म्हणाले, आणि एडके सोडून घरी आले. आई महिनाभर बोलली नव्हती. त्या एका आण्यासाठी सोडलेले एडके, आणि आज तोच भंडारा दीडशे व्हिडिओंच्या शेपटीला, कात्रीनं कापून चिकटवलेला.

जोतिराम वर आला. जवळ बसला नाही, कठड्याला टेकून उभा राहिला.

"तुम्ही बोलणार हे मला कळलंय," तो म्हणाला. "बोललात की करार गेला. त्यांचा वकील नोटीस पाठवेल. दुसरी कुठली कंपनी परत दारात उभी राहणार नाही."

"व्हय."

"मी नसतो तर वाडीबाहेर तुम्हाला कोण ओळखत होतं, तात्या? उन्हातान्हात मोबाईल धरून मी तुमच्या मागं हिंडलो. टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी सोडली ह्याच्यापायी. छत्तिसावं लागलंय मला. हे गेल्यावर मी काय करू?"

तात्याबांना खोटा दिलासा देता आला असता. "मला ठावं न्हाय," ते म्हणाले.

"एवढंच?"

"तुला मी खोटा म्हनत न्हाय, जोत्या. तू राबलास. पर लोकांनी मला खरा म्हनलं ते कशावर, तेवढं तुला ठावं पायजे हुतं. तू त्येला तुकडा म्हनतोस."

जोतिरामनं तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते, आणि छत्तिसाव्या वर्षी बापासमोर ते पुसायचे कसे हे त्याला कळत नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. रेश्मा वर आली, पिठाचे हात पदराला पुसत. मागून प्रियदर्शनी, आणि गुडघे धरत मायाक्का.

"मामा," रेश्मा सासऱ्यांना म्हणाली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. "चंद्रव्वानं आत्तींच्या आधी आपल्यालाच विचारलं होतं. तीन आठवडे झाले. मी ते पुसून टाकलं."

"पुसलं?" जोतिराम म्हणाला. "मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता पूस म्हणून. म्हणून मीच पुसलं." तिनं मोबाईल पुढं केला. "पण फोटो हाय."

"वाच," तात्याबा म्हणाले.

तिनं वाचलं. एक शब्दही न गाळता, शेवटपर्यंत. मायाक्का पायरीवरच खाली बसली. चंद्रव्वानं बाटली देऊन 'तात्यास्नी इचारा' एवढंच का म्हटलं, ते तिला आत्ता कळलं.

"डबड्यातच इचारलं हुतं व्हय तिनं," ती म्हणाली. "मंग दारात जाऊन भागायचं न्हाय, तात्या. जितं इचारलं तितं सांगावं लागतंय."

"जोत्या," तात्याबा म्हणाले, "मोबाईल काढ. रेश्मा, हे असंच वाच. त्येच्याम्होरं."

"इथं? मागं टाक्या दिसतील."

"दिसू दे."

जोतिराम हलला नाही. प्रियदर्शनीनं आपला मोबाईल काढला, तेव्हा त्यानं तिचा हात हळूच खाली केला. "तुझा हलतो," तो म्हणाला, आणि स्वतःचा मोबाईल काढून दोन्ही हातांत धरला.

तात्याबा टाकीला पाठ लावून बसले. रेश्मा त्यांच्या उजवीकडं बसली. आणि मग, सहा वर्षं मोबाईल दिसला की पाठ फिरवणारी मायाक्का उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि भावाच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

रेश्मानं वाचलं: "तात्या मी चंद्रव्वा बोलतीय तुमी भंडारा लावून सांगितलं दुसरं काय लागत न्हाय म्हनून मी औंदा लस टोचून घेतली न्हाय अठरा कोकरं गेली माजा तुमच्यावर राग न्हाय फकस्त एक इचारायचं हाय तुमी तुमच्या मेंढरास्नी ते पाजलं हुतं का."

"न्हाय," तात्याबा म्हणाले.

मग ते बोलले, मधेमधे थांबत.

"आमच्या मेंढरास्नी माज्या लेकीनं लस टोचली. मे म्हैन्यात. बाटलीचं झाकणबी आमी काडलं न्हाय. कंपनीनं पैसे दिले, आमी घेतले. त्या दिवशी मी भंडारा लावला न्हवता. तुमाला दिसतोय त्यो दुसऱ्या दिसाचा हाय, पटका बगा. चंद्रव्वा, पोरी, तू इचारलंस ते आमी पुसून टाकलं. ती चूक आमच्या घरची हाय. बाकीच्यांनी लस टोचून घ्या. राहिली आसंल तर उद्याच टोचून घ्या."

ते थांबले.

इथं जोतिराम नेहमी बंद करायचा. अंगठा सवयीनं लाल ठिपक्यावर गेला आणि तिथंच राहिला. बापाचा हात कमरेच्या पिशवीकडं जाताना त्यानं पाहिला. बोटांनी दोरी चाचपली, गाठ धरली. जोतिरामनं मोबाईल स्थिर धरला. हात परत आला आणि रिकामाच गुडघ्यावर बसला.

"अजून चालू हाय व्हय?" तात्याबांनी विचारलं.

"हाय," जोतिराम म्हणाला.

"कशापायी?"

"भंडारा लावाल म्हणून."

तात्याबांनी मान हलवली. "चंद्रव्वाच्या दारात जाऊन येतो आदी. तवर न्हाय."

हेही त्यात आलं. संध्याकाळी व्हिडिओ टाकताना जोतिरामनं ते कापलं नाही.